गेटच्या बाहेरचे वीस किलोमीटर

तळेगाव स्टेशनहून चाकणच्या औद्योगिक वसाहतीत मी गेली चौदा वर्षे दुचाकीने कामाला जातो. इंदोरी, सुदुंबरे, खालुंब्रे, महाळुंगे असा हा जेमतेम वीस किलोमीटरचा रस्ता आहे. पण या रस्त्यावर गाड्या वाहून नेणारे ट्रेलर, कच्चा माल घेऊन आलेले कंटेनर, कामगारांच्या बस, कांद्याचे ट्रक आणि आमच्यासारखे हजारो दुचाकीस्वार एकाच वेळी, म्हणजे नेमके शिफ्ट बदलण्याच्या वेळी, उतरतात. पाच वर्षांपूर्वी डिसेंबरात रात्रीची तिसरी पाळी संपवून घरी येताना खालुंब्र्याच्या पुढे समोरच्या कंटेनरने ब्रेक मारला, मी मागचा ब्रेक जिवाच्या आकांताने दाबला, चाक जाम झाले, गाडी आडवी झाली आणि मी साइडपट्टीच्या खडीवर घसरत गेलो. गळपट्टीचे हाड मोडले आणि सहा आठवडे घरी बसावे लागले. भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी कंटेनरवाल्याची चूक सविस्तर सांगितली आणि प्रत्येकाने मान डोलावली.

गेल्या वर्षी आमच्या कारखान्यात दुचाकीस्वारांसाठी एक दिवसाचे सुरक्षित चालवण्याचे प्रशिक्षण झाले, तेव्हा ती हकिगत मला पुन्हा तपासून पाहावी लागली. प्रशिक्षकांनी सुरुवातीलाच विचारले, "तुम्ही त्या कंटेनरच्या मागे किती अंतरावर होतात?" मला उत्तर देता आले नाही. ज्याला अंतर आठवत नाही त्याने अंतर ठेवलेले नसते, असे ते म्हणाले, आणि त्यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही उरले नाही.

कारखान्याच्या आत आमची शिस्त पाहण्यासारखी असते. पत्रा दाबणाऱ्या प्रेस यंत्रावर दोन्ही हातांनी बटणे दाबल्याशिवाय दाब खाली येत नाही, फोर्कलिफ्टच्या वाटेवर पिवळे पट्टे असतात, रोज सकाळी टूलबॉक्स टॉक, म्हणजे सुरक्षिततेवर छोटी चर्चा, होतो आणि अपघात होता होता टळला तरी त्याची 'नियर मिस' म्हणून लेखी नोंद करावी लागते. तोच कामगार सुटी झाल्यावर सेफ्टी शूज लॉकरमध्ये ठेवतो, चप्पल घालतो, हेल्मेट आरशाला अडकवतो आणि चाळीस टनांच्या वाहनाला डावीकडून ओलांडून निघून जातो. मीही तेच करत आलो होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी 74,897 दुचाकीवरची होती. कोणत्याही कारखान्यात एका प्रकारच्या यंत्रावर एवढे बळी गेले असते तर ते यंत्र केव्हाच बंद केले गेले असते.

प्रशिक्षणाचा मैदानी भाग ट्रक उभे करण्याच्या मोकळ्या आवारात झाला. चुन्याची एक रेघ मारलेली होती. ताशी 40 किलोमीटर वेगाने यायचे आणि रेघेवर चाक आले की थांबायचे. पहिल्या फेरीत फक्त मागचा ब्रेक वापरायचा होता. माझी गाडी शेपूट हलवत जाऊन थांबली तेव्हा मी पावले मोजली, ती चोवीस भरली. दुसऱ्या फेरीत दोन्ही ब्रेक वापरायचे होते आणि त्यातही मुख्य भार पुढच्या ब्रेकवर द्यायचा होता. इथे आमच्यातले निम्मे लोक अडले, कारण पुढचा ब्रेक मारला की माणूस गाडीवरून उडतो, हे गाडी शिकवणाऱ्या काकांनी किंवा मोठ्या भावाने प्रत्येकाच्या डोक्यात घट्ट बसवलेले होते.

प्रशिक्षकांनी कारण समजावून सांगितले ते असे. ब्रेक लागताच गाडीचे आणि स्वाराचे वजन पुढे झुकते, त्यामुळे पुढचा टायर रस्त्यावर दाबला जाऊन त्याची पकड वाढते आणि मागचा टायर हलका होऊन त्याची पकड कमी होते. म्हणून मागच्या चाकाला कितीही जोरात आवळले तरी ते लवकर जाम होऊन घसरते. पुढचा ब्रेक धोक्याचा ठरतो तो झटक्याने ओढल्यावर, कारण वजन पुढे पोहोचण्याच्या आतच चाक अडते. ओला कपडा पिळताना जोर जसा क्रमाने वाढवत नेतो तसा तो लिव्हर दाबायचा, हँडल सरळ ठेवायचे आणि वळणावर, वाळूवर किंवा ओल्या रंगीत पट्ट्यांवर हा प्रयोग करायचा नाही. दुसऱ्या फेरीत माझी गाडी तेरा पावलांत थांबली. मधली अकरा पावले म्हणजे माझे गळपट्टीचे हाड होते, हे तिथे उभ्या उभ्या लक्षात आले. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि त्याहून लहान गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक जोडणारी यंत्रणा सक्तीची झाली, हे खरे आहे. मात्र आमच्या पार्किंगमध्ये त्याआधीच्या शंभर सीसीच्या गाड्या आजही पुष्कळ दिसतात आणि त्यांचे ब्रेक शेवटी स्वाराच्या हातात असतात.

तरीही ब्रेकचे कौशल्य हा या प्रशिक्षणाचा गाभा नव्हता. प्रशिक्षकांचे म्हणणे असे होते की ज्याला रोज जोरात ब्रेक मारावा लागतो तो कुशल नसून उशिरा पाहणारा आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाताना समोरचे संकट कळून हात हलेपर्यंत एक सेकंद जातो आणि तेवढ्यात गाडी सतरा मीटर पुढे जाते; त्यानंतर कोरड्या रस्त्यावर उत्तम ब्रेक मारला तरी आणखी वीस मीटर लागतात. ताशी 40 ला हेच एकूण अंतर वीस मीटरच्या आसपास राहते. म्हणजे वेग दीडपट होतो आणि अंतर जवळपास दुप्पट होते. पुरेसे अंतर ठेवण्याचा हिशेब सोपा आहे: समोरचे वाहन एखाद्या खांबापाशी पोहोचले की मनात "एकशे एक, एकशे दोन" म्हणायचे आणि तोवर आपण त्या खांबापाशी पोहोचता कामा नये. पावसात आणि अंधारात एकशे चारपर्यंत जायचे.

यावर पेंट शॉपमधल्या एका सहकाऱ्याने सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला: एवढी जागा सोडली तर त्यात दुसराच कोणीतरी घुसतो, त्याचे काय करायचे? प्रशिक्षकांनी त्याला उलट विचारले की चाकण ते तळेगाव या रस्त्यात किती जण घुसतील. वीस, असे तो म्हणाला. प्रत्येकाला दोन सेकंद दिले तर चाळीस सेकंद उशिराने घरी पोहोचाल, एवढेच उत्तर मिळाले. मी पुढे काही दिवस खरोखर मोजून पाहिले, तर घुसणारे सात-आठांच्या वर कधी गेले नाहीत.

आमच्या रस्त्याला सर्वांत लागू पडलेला भाग कंटेनरचा होता. लांब ट्रेलर डावीकडच्या गेटमध्ये वळताना आधी थोडा उजवीकडे जातो, कारण तसे केल्याशिवाय त्याची मागची चाके कोपरा कापून गटारात जातील. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला मात्र डाव्या बाजूला अचानक ऐसपैस जागा दिसते आणि साहेब उजवीकडे चालले आहेत असे समजून तो त्या जागेत शिरतो. मग ट्रेलरचे तोंड डावीकडे वळते आणि ती जागा कात्रीच्या पात्यांसारखी मिटत जाते. मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने न जाता आतल्या बाजूने येतात. त्या वेळी केबिन तिरकी झालेली असल्यामुळे चालकाच्या डाव्या आरशात त्याच्याच ट्रेलरची भिंत दिसते, तुम्ही दिसत नाही. तो हॉर्न ऐकेल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, कारण या रस्त्यावर हॉर्न अखंड वाजतच असतो. ज्या आरशात चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नाही त्या आरशात आपणही त्याला दिसत नाही, ही खूण मी तेव्हापासून पाळतो आणि मोठ्या वाहनाच्या मागे असताना उजव्या बाजूला, त्याचा आरसा दिसेल अशा ठिकाणी गाडी ठेवतो.

उन्हाची गोष्ट मला कोणी शिकवली नाही. ती मीच नंतर जुळवली. तिसरी पाळी सुटल्यावर सकाळी आम्ही पश्चिमेकडे, तळेगावच्या दिशेने निघतो. सूर्य पाठीशी असतो, रस्ता लख्ख दिसतो आणि आपल्याला फार बरे वाटते. पण समोरून येणाऱ्या चालकाच्या थेट डोळ्यांत ते ऊन जात असते आणि त्या झगमगाटात एका दुचाकीची चिंचोळी आकृती त्याला जवळजवळ दिसतच नाही. आपली सावली जेव्हा आपल्या पुढे लांबलचक पडलेली असते तेव्हा समोरचा ओव्हरटेकसाठी बाहेर येणारच, असे धरून मी डावीकडे सरकतो.

झोपेबद्दल मात्र कारखान्यात कोणालाच बोलायला आवडत नाही. पहाटेच्या वेळी शरीर सर्वांत सुस्त असते आणि रात्रभर उभे राहिलेल्या माणसाचे डोळे गाडीच्या एकसुरी आवाजात तीन-चार सेकंद मिटले तरी ते त्याला कळत नाही. ताशी 50 किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत गाडी चाळीस मीटरांहून जास्त जाते. गेटवरचा चहा पिऊन लगेच निघण्याचा उपयोग नाही, कारण चहाचा अंमल चढायला साधारण अर्धा तास लागतो आणि तेवढ्यात आम्ही घरी पोहोचलेले असतो, किंवा नसतो. चहा पिऊन विश्रांतिकक्षात वीस मिनिटे डोळे मिटावेत आणि मग निघावे, हा सल्ला सर्वांना पटला. पण तिसऱ्या पाळीच्या शेवटी विश्रांतिकक्षाला कुलूप असते, हे व्यवस्थापनाला त्याच दिवशी समजले.

हेल्मेटविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण पुण्याजवळ राहून हा वाद किती वेळा ऐकला याला गणती नाही. 2022 मध्ये हेल्मेट न घातलेल्या 50,029 जणांचा मृत्यू झाला. कायद्याप्रमाणे नुसते डोक्यावर ठेवलेले नव्हे, तर पट्टा बांधलेले हेल्मेट लागते, ते मागे बसणाऱ्यालाही लागते आणि नियम मोडल्यास एक हजार रुपये दंड व तीन महिने परवाना निलंबित होण्याची तरतूद आहे. आतला थर्मोकोलसारखा थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, म्हणून पडलेले हेल्मेट बदलावे लागते. आयएसआय चिन्हाशिवाय विकलेली वस्तू टोपी असते.

कामावर येता-जाता झालेला अपघात हा कामाचा अपघात आहे का, हा प्रश्न प्रशिक्षणात निघाला नाही, पण तो काढायला हवा होता. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या (ईएसआय) कायद्यात 2010 साली कलम 51-ई आले आणि घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघाताचा कामाशी संबंध सिद्ध झाल्यास तो कामाच्या ओघातला मानला जाऊ लागला. महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याचा रखवालदार 22 एप्रिल 2003 रोजी पहाटे तीनच्या ड्युटीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटर अलीकडे अपघातात गेला. त्याच्या कुटुंबाला मिळालेली भरपाई उच्च न्यायालयात टिकली नाही. अखेर 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यालाही तेच तत्त्व लागू करून ती पुन्हा मंजूर केली. त्या घराला बावीस वर्षे वाट पाहावी लागली. रस्ता हा कामाचाच भाग आहे असे न्यायालय म्हणत असेल, तर नियर मिसची वही गेटपाशी का थांबते, असे मी सुरक्षा समितीच्या बैठकीत विचारले.

विश्रांतिकक्षाचे कुलूप आता निघाले आहे आणि गेटवर एक वेगळी वही ठेवली आहे. पहिले तीन आठवडे तिच्यात कोणी काही लिहिले नाही. गेल्या सोमवारी पहिली नोंद पेंट शॉपमधल्या त्याच सहकाऱ्याने केली: "महाळुंगे, सकाळी 6:40. कंटेनर उजवीकडे गेला, डावीकडे जागा दिसली. गेलो नाही, थांबलो. मागचे हॉर्न वाजवत राहिले. कंटेनर डावीकडे वळला."