कुलगुरू कुठून येतात? तुम्ही विचारलंत म्हणून

नव्यानं नोकरीला लागलेल्या प्राध्यापकांच्या प्रशिक्षण वर्गात मी अधूनमधून तास घेते. विषय ठरलेला असतो: विद्यापीठाचं कामकाज, अधिकारी, प्राधिकरणं, कुणाचं काम काय. तास संपला की दोघंतिघं दाराशी थांबतात आणि बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो. "मॅडम, तुम्ही इतके कुलगुरू जवळून पाहिलेत. चांगला कुलगुरू प्राध्यापकांतूनच येतो, की बाहेरचा माणूस बरा?" 2025च्या जानेवारीत यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, नव्या नियमांचा मसुदा काढला आणि उद्योग, लोकप्रशासन अशा क्षेत्रांतल्या ज्येष्ठांनाही कुलगुरूपदाचं दार उघडावं असं त्यात सुचवलं. तेव्हापासून तर हा प्रश्न एकही तास चुकत नाही.

मी परीक्षा विभागात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि उपकुलसचिव म्हणून निवृत्त झाले. मधली 34 वर्षं एकाच विद्यापीठात गेली. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांतले काही हयात आहेत. दाराशी उभ्याउभ्या या प्रश्नाचं उत्तर मला कधी नीट देता आलं नाही, म्हणून बसून लिहिते आहे.

आधी नियमाचं थोडक्यात. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 लागू आहे. राज्यपाल हे कुलपती. शोध समिती नावं सुचवते, त्यांतून कुलपती कुलगुरूंची नेमणूक करतात. मुदत पाच वर्षं, वयाची मर्यादा 65. यूजीसीच्या 2018च्या नियमांप्रमाणे किमान 10 वर्षं प्राध्यापकपदाचा अनुभव हवा, किंवा नावाजलेल्या संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेतला तेवढाच अनुभव. कुलसचिवाला, म्हणजे विद्यापीठाच्या कार्यालयाच्या प्रमुखाला, दोन वाटा आहेत. एक अध्यापनातली, 15 वर्षांची. दुसरी प्रशासनातली, तीही 15 वर्षांची, पण त्यातली 8 वर्षं उपकुलसचिव किंवा त्या तोलाच्या पदावर काढलेली हवीत. वित्त व लेखा अधिकारी बहुधा चार्टर्ड अकाउंटंट असतात, नाहीतर शासनाच्या लेखा सेवेतून प्रतिनियुक्तीवर आलेले. जाहिरात निघते तेव्हा हे सगळं त्यात छापलेलं असतं.

'बाहेरचा माणूस' हे मात्र नवं खूळ आहे असं कुणी समजू नये. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झालं तेव्हा पहिले कुलगुरू झाले सर विल्यम यार्डली, मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. पद मानाचं होतं, पगाराचं नव्हतं. दिवसा कोर्ट चालवायचं आणि उरलेल्या वेळात विद्यापीठ पाहायचं. 1892 साली पहिले भारतीय कुलगुरू झाले काशिनाथ त्रिंबक तेलंग. तेही उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. त्यांच्यानंतर रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले, तेव्हा त्या खुर्चीत आयुष्यभर संस्कृत शिकवलेला माणूस बसला. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. फेडरल कोर्टाचे न्यायाधीश आणि घटना समितीचे सदस्य राहिलेले जयकर विद्यापीठ उभं करायला आले तेव्हा पंचाहत्तरीत होते. त्यांच्या जागी 1956 साली रँग्लर परांजपे आले ते 80व्या वर्षी. आजच्या नियमात दोघांचा अर्जसुद्धा घेतला गेला नसता.

अलीकडचंच पाहा. वसंत गोवारीकर इस्रोतून आले आणि 1995 साली पुण्याचे कुलगुरू झाले. नरेंद्र जाधव रिझर्व्ह बँकेतली कारकीर्द करून 2006 साली त्याच खुर्चीत बसले. राम ताकवले मात्र भौतिकशास्त्राचे शिक्षक, विद्यापीठातच वाढलेले. पुण्याचे कुलगुरू झाले, मग नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, आणि त्यानंतर दिल्लीत इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे. एकाच माणसानं तीन विद्यापीठं चालवली. तेव्हा प्राध्यापक की बाहेरचा, या दोन खणांत माणसं टाकून काही हाती लागत नाही.

मला पटलेलं उदाहरण डॉ. स्नेहलता देशमुखांचं आहे. बालशल्यचिकित्सक, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या अधिष्ठाता, आणि 1995 साली मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू. त्यांच्या कारकिर्दीत विद्यार्थ्याच्या कागदपत्रांवर आईचं नाव यायला लागलं. परीक्षा विभागातल्या माणसाला विचारा, हा बदल केवढा असतो ते. एक रकाना वाढला की परीक्षेचा अर्ज बदलतो, छपाई बदलते, महाविद्यालयांना परिपत्रकं जातात, जुन्या नोंदींचं काय करायचं यावर महिनाभर टिपण्या फिरतात. "सध्याच्या व्यवस्थेत शक्य नाही" अशी टिपणी लिहायला कुठल्याही सेक्शनला अर्धा तास पुरतो. ज्या बाईनं आपलं आयुष्य लहान मुलांच्या वॉर्डात काढलं, पोरांच्या उशाशी रात्रभर कोण बसतं हे रोज पाहिलं, तिला तो रकाना का हवा हे वेगळं समजावून द्यावं लागलं नसणार, असं मला नेहमी वाटतं.

आता माझ्या डोळ्यांसमोरचं सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जून महिना. खिडकीवर एक मुलगी आणि तिचे वडील, रात्रभर एसटीनं येऊन सकाळी साडेदहाला उभे. मुलीचा बीएचा निकाल राखीव होता, एका पेपरचे गुणच लागले नव्हते. बीएडच्या प्रवेशाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी तेव्हा वरिष्ठ सहायक. नेहमीचं उत्तर दिलं, अर्ज करा, तीन दिवस लागतील. वडिलांनी काही वाद घातला नाही. खिशातून रुमालात बांधलेल्या नोटा काढल्या आणि म्हणाले, अर्जंट फी असेल ती घ्या.

त्या वेळचे आमचे कुलसचिव खालून वर आलेले होते. उत्तरपत्रिकांच्या गोदामात गठ्ठे मोजण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. दालनात जाण्याआधी रोज एकदा खिडक्यांपुढून चालत जायची त्यांची सवय. ते थांबले, मुलीच्या हातातलं प्रवेशपत्र घेतलं, सीट नंबर पाहिला आणि मला विचारलं, "केंद्र कोणतं?" मी तालुक्याचं नाव सांगितलं. क्षणभर थांबून म्हणाले, "त्या केंद्रावर त्या दिवशी उशिरा आलेल्यांना दुसऱ्या खोलीत बसवलं होतं. त्यांचा पुरवणी गठ्ठा वेगळा बांधलाय. मुख्य गठ्ठ्यात शोधू नका." आम्ही गोदामात गेलो. सुतळी सोडली. तिसरी उत्तरपत्रिका तिची होती, तपासलेली, गुण दिलेले; फक्त ते लेजरवर चढले नव्हते. साहेबांनी लेजर मागवलं, रकान्यात लाल शाईनं गुण भरले, शेजारी सही केली, तारीख टाकली. दुपारी दोनला गुणपत्रिका तिच्या हातात होती. वडिलांनी पुन्हा रुमाल काढला. साहेब म्हणाले, "चूक आमची आहे. फी कसली घेणार?"

ही हकिकत मी वर्गात सांगते तेव्हा कुणीतरी विचारतं की, मग काय, कारकुनालाच कुलगुरू करायचं का? आपल्याकडे विद्यापीठाच्या कार्यालयातून कुलगुरूपदापर्यंत गेलेलं एक मोठं नाव आहे: सुंदरराव डोंगरकेरी. ते दीर्घकाळ मुंबई विद्यापीठाचे कुलसचिव होते. 1958 साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं तेव्हा पहिले कुलगुरू म्हणून त्यांना नेलं. नवं विद्यापीठ म्हणजे कोरी आवक-जावक बारनिशी, एक शिक्का आणि परीक्षेची ठरलेली तारीख. तिथे अशाच माणसाची गरज होती. आज ती वाट नियमामुळे जवळजवळ बंद आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण माझं म्हणणं तेवढंच नाही.

दुसरी बाजूही पाहिली आहे. एक कुलगुरू फार मोठे शास्त्रज्ञ होते. स्वच्छ माणूस, कुणाचा एक पैसा घेतला नाही, कुणाला अपमानाचा शब्द बोलले नाहीत. पण फाईल त्यांच्या टेबलावर गेली की परत येईना. आली तरी टिपणीखाली हिरव्या शाईत दोनच शब्द: "चर्चा करावी." चर्चेला वेळ मिळायचा नाही, मिळाला तर एखादी नवी शंका निघायची आणि फाईल पुन्हा वर. एका संशोधक मुलाचं पीएचडीचं प्रकरण असंच चार महिने पडून होतं. बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल आलेले, तोंडी परीक्षेला मान्यता तेवढी हवी होती. दर सोमवारी तो मुलगा माझ्यासमोर येऊन बसायचा आणि मी खालमानेनं "अजून नाही" म्हणायची. त्याला कॉलेजात नोकरी लागत होती, ती गेली.

मी बरीच वर्षं या साहेबांवर मनातून रागावले होते. नंतर कळलं की त्यांच्या आयुष्यात त्याआधी कधी घाई नव्हतीच. प्रयोगशाळेत शंका असली की थांबायचं, पुन्हा करून पाहायचं, हेच त्यांना तीस वर्षं शिकवलं गेलं होतं आणि ते तिथे बरोबरच होतं. फाईल थांबली की पलीकडे एक माणूस थांबतो, हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. एका संध्याकाळी ते विभागात शिकवत होते आणि दुसऱ्या सकाळी सातशेवर महाविद्यालयांच्या विद्यापीठाच्या खुर्चीत होते. मधे एक दिवसाचंही शिक्षण नाही. एसटीच्या ड्रायव्हरलासुद्धा गाडी हातात द्यायच्या आधी रस्त्यावर चालवून दाखवावी लागते.

आणि प्राध्यापकांतूनच आलेले आणखी एक कुलगुरू. मराठीचे शिक्षक, संशोधनात फार नाव नाही. रुजू झाले त्या दिवशी हारतुरे आटोपल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मुलींच्या वसतिगृहात पाणी किती वाजता येतं?" दालनात सगळे अधिकारी होते, एकालाही सांगता आलं नाही. ते आधीच्या नोकरीत नऊ वर्षं वसतिगृहाचे रेक्टर होते. रात्री अकराला पोट दुखणाऱ्या पोराला रिक्षात घालून दवाखान्यात नेणं, मेसच्या ठेकेदाराशी भांडणं, घरून मनीऑर्डर न आलेल्या मुलाचं बिल थांबवून ठेवणं, हे सगळं करून आलेले. त्यांच्या पाच वर्षांत आमच्याकडे एकही निकाल 45 दिवसांच्या पुढे गेला नाही. मी त्या काळात परीक्षेलाच होते, म्हणून हे छातीवर हात ठेवून सांगू शकते.

तेव्हा माझं उत्तर असं आहे. माणूस प्राध्यापक होता, डॉक्टर होता की बँकेत होता हे मला विचारू नका. तो कधी अशा जागी होता का, जिथे त्याच्या उशिराचा त्रास झालेला माणूस समोर येऊन उभा राहतो? वॉर्डात असेल, वसतिगृहात असेल, खिडकीवर असेल. तिथे काही वर्षं काढलेला माणूस वेगळ्या नजरेनं फाईल वाचतो.

दुःख याचं की निवडताना याकडे कुणी बघत नाही. कुलगुरूपदाच्या उमेदवारांचे बायोडेटा मी हाताळलेत. साठ-सत्तर पानं, बाइंडिंग केलेली. शोधनिबंध, परदेश दौरे, पेटंट, मार्गदर्शन केलेले विद्यार्थी, सगळं क्रमांक घालून. आणि अगदी शेवटी, "इतर" या मथळ्याखाली एक ओळ: रेक्टर, परीक्षा केंद्राचे वरिष्ठ पर्यवेक्षक, कॅप (उत्तरपत्रिकांची मध्यवर्ती तपासणी) संचालक, राष्ट्रीय सेवा योजना. ज्या कामानं प्रशासक घडतो ते काम शेवटच्या पानावर एका ओळीत. 2017 साली मुंबईत ऑनलाइन तपासणीत निकाल रखडले आणि कुलगुरूंना पदावरून हटवलं गेलं, तेव्हा राज्यातल्या प्रत्येक परीक्षा विभागात माणसं एकमेकांना हेच म्हणत होती की, निकाल हे विद्यापीठाचं पहिलं काम आहे. तरीही, ज्यानं कधी निकाल लावला आहे असाच माणूस हवा, असं एकाही जाहिरातीत मी वाचलेलं नाही. ते लिहिलं जायला हवं. शोध समितीनं शेवटचं पान आधी उघडायला हवं.

मागच्या वर्गात एक तरुण बाई शेवटपर्यंत थांबली. पदार्थविज्ञानाची, नुकतीच पीएचडी झालेली, घरी लहान मूल. तिच्या प्राचार्यांनी तिला कॅपचं काम दिलं होतं, म्हणजे त्यांच्या महाविद्यालयात विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांची मध्यवर्ती तपासणी होणार तिची सगळी जबाबदारी. वरिष्ठ सहकारी तिला सांगत होते, नाही म्हण, यात वेळ जातो, तेवढ्यात दोन पेपर लिहून होतील. तिनं मला विचारलं, काय करू?

मी म्हटलं, घे. आणि बसायला खुर्ची दाराजवळची घे, आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रत्येक गठ्ठा तुझ्यासमोरून गेला पाहिजे. सुतळी सोडली की आधी मोज, मग सही कर. पुरवणी गठ्ठा आला का, हे रोज संध्याकाळी उठण्याआधी एकदा विचार. तिनं वही काढली आणि तिथेच दारात उभ्याउभ्या लिहून घेतलं.