केएचची नाडी आणि अ‍ॅक्रोपोराचे रंग: ६६ व्या आठवड्यापर्यंतची नोंद

आज सकाळी सव्वासहाला, दिवे लागायच्या आधी, माझ्या प्रवाळाच्या टाकीचा केएच ७.८. केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, डीकेएच या एककात. सलग अकरावा दिवस हा आकडा ७.७ ते ७.९ मध्ये आहे. यात विशेष काय, असं ज्यांना वाटेल त्यांनी माझी वही पस्तिसाव्या आठवड्यापासून चाळावी. तिथे ६.९ पासून ९.८ पर्यंत सगळं सापडेल, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक उडीची खूण कुठल्या ना कुठल्या फांदीवर अजून दिसते.

आधी टाकीची ओळख, म्हणजे पुढचे आकडे लागतील. टाकी २८० लिटरची. सम्प (खाली जोडलेली साठवण टाकी) धरून आणि दगडांची जागा वगळून खरं पाणी ३४० लिटरच्या आसपास. तापमान २५.५ अंश, खारटपणा ३५ पीपीटी. वरच्या खडकावर अ‍ॅक्रोपोरा हे फांद्याफांद्यांचे दगडी प्रवाळ: दोन टेन्युइस, तीन मिलेपोरा आणि दोन अशा, की त्यांची जात छातीठोकपणे सांगायची माझी हिंमत नाही. मधल्या पट्ट्यात स्टायलोफोरा आणि सेरिएटोपोरा, हेही प्रवाळच, खाली माँटिपोराची पसरट ताटली. प्रकाश मोजणारा पार मीटर उसना आणून मोजलं तेव्हा वरच्या खडकावर ३२० आणि ताटलीपाशी १७० आलं. सगळे फ्रॅग, म्हणजे लावायला तोडलेले तुकडे, दुसऱ्यांच्या टाकीत वाढलेल्या कॉलनींचे आहेत, समुद्रातून थेट काढलेला एकही नाही. दगडी प्रवाळ साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात हे एक कारण, पण त्याहून व्यवहारी कारण असं की टाकीत जन्मलेला तुकडा टाकीत रुळतो.

आईला हे सगळं अगम्य वाटतं. "मासे तिकडे आहेत, तू त्या दगडांकडे काय बघत बसतेस?" हा तिचा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच.

पस्तिसाव्या आठवड्यात सगळं तपकिरी होतं. निळ्या टोकांची म्हणून घेतलेली मिलेपोरा चहाच्या चोथ्यासारखी दिसायला लागली होती. नायट्रेट २५, फॉस्फेट ०.१८. प्रवाळाच्या पेशीत राहणारी झूझँथेली ही शैवालं मुळात तपकिरी सोनेरी रंगाची असतात. त्यांना नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर मिळाला आणि उजेड जेमतेम असला की त्यांची गर्दी वाढते, आणि प्रवाळाचे स्वतःचे रंग त्या गर्दीखाली झाकले जातात. प्रवाळ तपकिरी असला तरी जिवंत असतो, बऱ्याचदा धडधाकट असतो. हे मला माहीत होतं, आणि तरीही मी घाई केली.

फॉस्फेट शोषणारं लोहाचं माध्यम मी रिअ‍ॅक्टरमध्ये भरलं, सांगितलेल्या प्रमाणाच्या दुप्पट. माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. दहा दिवसांत फॉस्फेट ०.०१, आणि नायट्रेटच्या चाचणीत रंगच येईना. मला आनंद झाला होता, वहीत तशी नोंदही आहे. पुढच्या आठवड्यात तपकिरी रंग खरंच गेला, पण त्याच्या जागी दुसरा रंग आला नाही. फांद्या उपाशी माणसाच्या चेहऱ्यासारख्या फिकट पडल्या. त्या वेळी केएच होता ९.६. टोकाशी सांगाडा वेगाने बनत होता आणि त्यावर चढायच्या मांसाला मात्र पोषण नव्हतं. तीन कॉलनींची टोकं पांढरी पडली, मग त्या उघड्या सांगाड्यावर हिरवं शेवाळ धरलं. केएच जास्त आणि पोषण शून्य ही जोडी वाईट, हे आपल्यापैकी निम्म्यांनी कधी ना कधी असंच शिकलं असेल.

एवढ्यावर भागलं नाही. एक्केचाळिसाव्या आठवड्यात वाळूवर तपकिरी शेंबडासारखा थर आला, त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले. रात्री विरळ व्हायचा, दुपारी पुन्हा हजर. डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशी जीव. नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही तळाला गेलं की बाकीचे सूक्ष्मजीव मागे पडतात आणि यांना रान मोकळं मिळतं. म्हणजे रंगासाठी घासूनपुसून स्वच्छ केलेलं पाणी त्यांच्याच पथ्यावर पडलं.

तिथून परत यायला सहा आठवडे लागले. माध्यम काढून टाकलं, माशांचं खाणं पूर्ववत केलं, सोडियम नायट्रेटचं द्रावण थोडं थोडं देत नायट्रेट ५ वर आणलं आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास राहू दिलं. केएच रोज ०.१ ते ०.२ ने खाली घेत ७.८ वर आणला. उजेड मात्र वाढवला, दर आठवड्याला पाच टक्के, त्याहून जास्त नाही. आधी पोटभर खाऊ घालायचं आणि मग उन्हात बसवायचं, हा क्रम मी उलटा केला होता.

रंगाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण फोटोंमुळे इथे फार गोंधळ होतो. हिरवी, पिवळी, केशरी चमक येते ती चमकणाऱ्या प्रथिनांची. ओसामू शिमोमुरा यांना १९६२ साली जेलीफिशमध्ये जे हिरवं चमकणारं प्रथिन सापडलं आणि ज्याच्यासाठी २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं, त्याच कुटुंबातली ही प्रथिनं. निळा उजेड शोषून ती दुसऱ्या रंगाचा उजेड बाहेर टाकतात. त्यामुळे नुसते निळे दिवे लावले की आजारी कॉलनीसुद्धा जत्रेतल्या खेळण्यासारखी झगमगते. जांभळा आणि गडद निळा रंग बहुतेक वेळा क्रोमोप्रोटीन या रंगीत प्रथिनांचा असतो. ती चमकत नाहीत, त्यांना पांढऱ्या उजेडातच बघावं लागतं, आणि उजेड भरपूर असेल तिथे, विशेषतः वाढत्या टोकाशी, ती जास्त बनतात. म्हणून मी आठवड्याचा फोटो दुपारी एक वाजता, पांढरे दिवे चालू असताना, एकाच जागेवरून काढते. फोटो वाईट येतात, पण एकमेकांशी ताडून बघता येतात.

आता नाडीकडे. पंचेचाळिसाव्या आठवड्यापासून केएच रोज एकाच वेळी मोजायला लागले, आणि केएच किती आहे यापेक्षा चोवीस तासांत तो किती खाल्ला गेला हे वहीत लिहायला लागले. प्रवाळाचा सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. २.८ डीकेएच खर्च झाला तर त्याबरोबर साधारण २० पीपीएम कॅल्शियम जातं. त्यामुळे रोजची केएचची घट म्हणजे त्या दिवशी टाकीत किती सांगाडा बनला याचं जवळपास थेट माप. उपासमारीत ही घट ०.३ वर गेली होती. शेहेचाळिसाव्या आठवड्यात ती १.० झाली, बावन्नाव्यात १.४.

१.० पर्यंतचं काम एकट्या चुन्याच्या निवळीने भागत होतं. आपण हौशी लोक तिला काल्कवासर म्हणतो, पण शाळेत फुंकर मारून दुधाळ करायचो तीच ही निवळी. टाकीतून रोज जवळपास ३ लिटर पाणी उडतं. त्याची भरपाई आरओ-डीआयने गाळून शुद्ध केलेल्या साध्या पाण्याऐवजी संपृक्त निवळीने केली की माझ्या पाण्याला रोज १.० डीकेएच मिळतो, आणि कॅल्शियम त्याच प्रमाणात आपोआप येतं. तिचा पीएच १२.४, म्हणून थेंबथेंब आणि मुख्यतः रात्री, जेव्हा टाकीचा पीएच एरवी पडतो. माझ्याकडे पहाटेचा पीएच ७.९ वरून ८.१ वर आला. डबा झाकून ठेवायचा, नाहीतर हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून दुधासारखी साय धरते. तळाचा गाळ पंपात जाऊ द्यायचा नाही. हे दोन नियम पाळले तर एवढ्या स्वस्तात इतकं नेमकं काम करणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

मागणी १.० च्या वर गेली तशी उरलेली ०.४ मी सोडियम कार्बोनेटने, म्हणजे सोडा अ‍ॅशने भरून काढते, दिवसाला अडीच ग्रॅमपेक्षा किंचित जास्त. त्याच्या जोडीला साडेतीन ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, दोन्ही द्रावणं टाकीच्या दोन टोकांना, वेगवेगळ्या वेळी. कॅल्शियम ४२० ते ४३०. मॅग्नेशियम महिन्यातून एकदा बघते, १३०० च्या आसपास असतं, त्याला मी फारसं छेडत नाही.

मध्येच एक फजिती. दोन महिने खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मी आरओच्या पाण्याने शून्यावर जुळवत होते. ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रावणाने तपासला तर तो ३२.५ दाखवायला लागला. म्हणजे ३५ समजून मी ३७ च्या वर खारट पाण्यात प्रवाळ ठेवत होते. जिथे मोजायचं त्याच आकड्याशी उपकरण जुळवावं, एवढी साधी गोष्ट.

आठवडा त्रेपन्न. डोस तोच, पण केएच वर चढायला लागला. ७.८, ८.१, ८.४, ८.८. प्रवाळ दिसायला उत्तम, पॉलिप (फुलासारखी छोटी तोंडं) बाहेर. मी चाचणीच्या रसायनावर संशय घेतला आणि नवीन बाटली फोडली. तीही ८.९. टाकीने खाणं कमी केलं होतं आणि मी मात्र ताटात वाढणं थांबवलं नव्हतं. तो दिवस मी पंपाच्या नळ्या तपासण्यात घालवला. नाडी सांगत होती आणि मी घड्याळाला दोष देत होते.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या उजेडात मोठ्या टेन्युइसच्या मागच्या बाजूला गोल फिकट ठिपके दिसले. एकमेकांना लागून, देवीच्या व्रणांसारखे. कॉलनी खडकासकट उचलून पांढऱ्या भांड्यात टाकीचंच पाणी घेऊन त्यात धरली आणि रबरी पिचकारीने फांद्यांमध्ये जोराने पाणी मारलं. आधी नुसता कचरा निघाला. तिसऱ्या फवाऱ्याला भांड्याच्या तळाशी काहीतरी उलटंसुलटं झालं आणि सरळ होऊन सरपटायला लागलं. नखाच्या कोराएवढं, कडा लहरत होत्या, आणि अंगाचा रंग हुबेहूब त्या टेन्युइसचा. अ‍ॅक्रोपोरा खाणारा चपटा कृमी. प्रवाळावर असताना माझ्या डोळ्यांना तो दिसलाच नव्हता, दिसणं शक्यही नव्हतं. त्या एका कॉलनीवर अकरा निघाले.

अंडी त्याहून वाईट. बुंध्याशी, जिथे मांस संपतं आणि मोकळा सांगाडा सुरू होतो, त्या रेषेवर सोनेरी तपकिरी गोळ्यांचे चकत्यांसारखे पुंजके चिकटवलेले होते. डिपने, म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवल्याने, कृमी सुटून पडतो, अंड्यांना काही होत नाही. म्हणून भिंग लावून, सुईने आणि जुन्या टूथब्रशने खरवडलं. जिथे खात्री वाटेना तिथे बुंधाच छाटून टाकला आणि वरच्या फांद्या जेल ग्लूने नव्या प्लगवर, म्हणजे छोट्या बैठकीवर, लावल्या. सातही अ‍ॅक्रोपोरा वेगळ्या टबमध्ये हलवल्या. हा कृमी फक्त अ‍ॅक्रोपोरावर जगतो, त्यामुळे मुख्य टाकीत एकही ठेवली नाही. सात आठवडे दर सहा दिवसांनी डिप, म्हणजे अंड्यातून निघालेला कृमी स्वतः अंडी घालायच्या आत सापडतो. चौथ्या डिपला शेवटचा कृमी दिसला, तरी मी पुढचे चार चुकवले नाहीत.

एक मिलेपोरा गेली. टबमध्ये तिसऱ्या आठवड्यात तिचं मांस बुंध्यापासून वर सुटायला लागलं. निरोगी टोकं तोडून वेगळी लावली, तीही टिकली नाहीत.

आणि हो, या सगळ्याचं मूळ माझ्याच आळसात. एक्कावन्नाव्या आठवड्यात आलेला एक सुंदर फ्रॅग मी एकदाच डिप करून थेट टाकीत लावला होता, तेही त्याचा मूळ प्लग न बदलता.

सहा कॉलनी साठाव्या आठवड्यात परत खडकावर आल्या. छाटल्यामुळे मागणी आता ०.९ आहे, एकट्या निवळीवर भागतं, सोडा अ‍ॅश तूर्त बंद. मोठ्या टेन्युइसची टोकं जांभळी व्हायला लागली आहेत आणि बुंधा प्लगवर चार-पाच मिलिमीटर पसरलाय. चहाच्या चोथ्याची मिलेपोरा पुढून निळसर, मागून अजून तपकिरी. मागच्या बाजूला प्रवाह पोचत नाही, कचरा बसतो. काल पंप पंधरा अंश वळवलाय आणि दोन्ही पंपांचा वेग आळीपाळीने कमी-जास्त होईल असं लावलंय.

पिचकारी मात्र टाकीशेजारीच ठेवली आहे. दर रविवारी प्रत्येक कॉलनीवर तीन फवारे, खाली पांढरं भांडं. गेल्या रविवारी फक्त कचरा निघाला. रोजची घट ०.९, ०.९, १.०.