कितवा नंबर आला?

ऑगस्टमध्ये सोलापुरात शाळेच्या वयाची दोन पोरं भर सकाळी गल्लीत सायकल फिरवताना दिसली, की जाणारा-येणारा थांबून विचारतो, "शाळा बुडवून आलाय का वो?" इथल्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होऊन पंधरा ऑगस्टच्या कवायतीपर्यंत पोचल्यात. आम्ही इंग्लंडला राहतो आणि सुट्टीला इथे माहेरी येतो. तिथलं शाळेचं वर्ष सप्टेंबरला सुरू होऊन जुलै सरता सरता संपतं, मग सहा आठवडे सुट्टी. म्हणजे आपल्या एक मेच्या निकालाचा दिवस आमच्याकडे आषाढात येतो.

"मग गड्ड्याला का येत नाही?" म्हणजे सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेला, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर पैशात आहे. तिथे टर्म चालू असताना परवानगीशिवाय मुलांना सुट्टीवर नेलं, तर दंड होतो. पाच दिवसांची गैरहजेरी भरली की प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पौंड, एकवीस दिवसांत भरले नाहीत तर 160. दोन मुलं, दोन पालक, करा हिशेब. संक्रांतीला नंदीध्वज बघायचे तर ते मोबाइलवरच.

तिसरा प्रश्न मात्र सगळ्यांचा सारखा. मावशी, शेजारच्या काकू, दूधवाले मामा, सगळेच विचारतात. कितवा नंबर आला?

माझी दोन्ही मुलं लेस्टरजवळच्या एका ज्युनियर स्कूलमध्ये आहेत. थोरला होता, असं आता म्हणायला हवं. ज्युनियर स्कूल म्हणजे साधारण सात ते अकरा वर्षांच्या मुलांची शाळा, इयर थ्री ते इयर सिक्स. थोरला यंदा तिथून बाहेर पडला, धाकटीनं इयर फोर संपवलं. वर्षाच्या शेवटी शाळेचं एक न्यूजलेटर येतं. ते मी आईला वाचून दाखवत होते आणि ती नंबराची वाट बघत होती. कॉयर कुठे गायलं, इयर सिक्सच्या नाटकाचे प्रयोग कसे झाले, समर फेअरला पालक-शिक्षक संघानं पैसे जमवून मैदानात चढायच्या लाकडी खेळण्यांसाठी किती भर टाकली, स्पोर्ट्स डेला कुठला हाउस जिंकला, सायकलचं प्रशिक्षण कुणी पूर्ण केलं, वर्षभर एकही दिवस न चुकवणारी मुलं कोण, आणि शेवटी नाव न घातलेल्या स्वेटरांचा ढीग ऑफिसबाहेर पडलाय, कृपया घेऊन जा. एवढं ऐकून आई म्हणाली, "हे झालं गं सगळं. पहिला कोण आला?"

पहिला कोणीच येत नाही. निदान कुणाला सांगत तरी नाहीत.

पूर्ण हजेरीच्या सर्टिफिकेटवर मात्र माझा राग आहे. ताप अंगावर काढून शाळेत आलेलं पोरही त्यात असतं, आणि कांजिण्या झालेल्या पोराला वर्षाच्या शेवटी हात चोळत टाळ्या वाजवाव्या लागतात. हे आपल्याकडेही आहेच, त्यामुळे त्यांना एकट्यांना नावं ठेवत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मोहोळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. नंबर सांगत नाहीत यावर त्यांचा विश्वास बसेना. "परीक्षा तर होत असंल की." होते. मे महिन्यात इयर सिक्सला सॅट्स असतात. वाचन, व्याकरण-स्पेलिंग आणि गणित यांचे सरकारी पेपर, सगळ्या देशात त्याच आठवड्यात. निबंधलेखन शिक्षकच तपासतात. निकाल जुलैत येतो, तोही टक्क्यांत नाही. 80 ते 120 मधला एक आकडा मिळतो, 100 म्हणजे अपेक्षित पातळी गाठली. वाचन, लेखन, गणित या तिन्हींत ही पातळी गाठणारी मुलं 2024 मध्ये देशभरात 61 टक्के होती. हे आकडे बंद पाकिटातून घरी येतात, वर्गात वाचून दाखवत नाहीत.

पण शाळेचे एकत्रित आकडे सरकार प्रसिद्ध करतं, वर्तमानपत्रं त्यावरून शाळांच्या याद्या लावतात, आणि नाव असलेल्या शाळेच्या आसपास घर घ्यायचं तर खिसा चांगलाच हलका होतो. ऑफस्टेड नावाचं तपासणी खातं कालपरवापर्यंत अख्ख्या शाळेला एका शब्दाचा शेरा देत होतं. तो एकशब्दी शेरा सप्टेंबर 2024 पासून सरकारी शाळांपुरता बंद केलाय. माझं मत विचाराल तर नंबर तिथेही आहे, फक्त तो पोराच्या पाठीवरून उतरवून शाळेच्या पाठीवर ठेवलाय. मे महिन्यात मुलं मजेत असतात आणि शिक्षकांचे चेहरे उतरलेले असतात. अण्णांना हे पटलं. "मग आमच्या वेळच्या इन्स्पेक्शनसारखंच की," म्हणाले, आणि त्या एका वाक्यात इंग्लंड त्यांच्या ओळखीचं झालं.

धाकटीचा निकाल त्यांना जास्त आवडला, कारण तो पाढ्यांचा होता. इयर फोरच्या मुलांची जूनमध्ये पाढ्यांची सरकारी चाचणी होते. संगणकावर 25 प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद, बारा बारे एकशे चव्वेचाळीसपर्यंत. पास-नापास नाही, आणि सगळ्यात जास्त मुलांना मिळणारा गुण 25 पैकी 25 हाच असतो. वर्षभर पोरं संगणकावरच्या खेळात पाढे म्हणत नाहीत, बटणांवर मारतात. बोटं अशी चालतात की बघत राहावं. धाकटीलाही पंचवीस मिळाले म्हटल्यावर अण्णांनी चष्मा पुसला. "तेरा सात?" ती गप्प. "सतरा चोक?" ती माझ्याकडे बघायला लागली. बाराच्या पुढे शाळेनं विचारलंच नाही, तर तिनं तरी का जावं! मग अण्णांनी तिला पावकी, निमकी, औटकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांचं अस्तित्व कळवलं. तिला वाटलं, हे खाण्याचे पदार्थ.

तिनं आणखी एक गोष्ट मोठ्या ऐटीत दाखवली, पेन लायसन्स. अक्षर नीट, जोडून, ओळीवर येईपर्यंत मुलं पेन्सिलनं लिहितात. बाईंना समाधान वाटलं की छापील परवाना मिळतो आणि त्या दिवसापासून पेन. सगळ्या शाळांत ही पद्धत नाही, काहींनी मुद्दाम बंद केली, कारण ज्याचं अक्षर वळत नाही ते पोर जुलैपर्यंत पेन्सिलच धरून बसतं. मलाही हा प्रकार फारसा पटत नाही. अण्णा म्हणाले, "आमच्याकडं अक्षराचं आरटीओ नव्हतं बघ, छडी होती."

पोहण्याचं ऐकून मात्र घरात सगळेच गप्प झाले. तिथल्या अभ्यासक्रमात लिहिलेलंच आहे, की प्राथमिक शाळा संपेपर्यंत मुलाला न थांबता किमान 25 मीटर पोहता आलं पाहिजे आणि पाण्यात स्वतःचा जीव वाचवता आला पाहिजे. शाळाच मुलांना तलावावर नेते. सगळ्या मुलांना जमतं असं नाही, पण ते शाळेचं काम मानलं जातं. आपल्याकडे विहिरीवर पाठीला डबा बांधून शिकलेली पिढी आता आजोबा झाली, आणि विहिरीही आटल्या.

थोरल्याची शाळा संपली त्या दिवसाचं सांगायला हवं. शाळा सोडणाऱ्या मुलांची वेगळी असेंब्ली असते, लीव्हर्स असेंब्ली. पालकांना बोलावतात, लहानपणापासूनचे फोटो दाखवतात, आणि हेडटीचरांपासून सगळे रडतात. इंग्रज माणूस भावना दाखवत नाही असं सांगणाऱ्यानं एकदा यावं. नंतर मुलं एकमेकांच्या शर्टावर मार्करनं सह्या करतात. तो शर्ट थोरल्यानं बॅगेतून सोबत आणलाय. आईनं बघितल्या बघितल्या तो साबणात भिजवायला घेतला. "चांगला शर्ट की तो!" वेळेवर ओढून काढला.

शिवाय लीव्हर्स हुडी. त्यावर मागे वर्षाचे दोन मोठे आकडे, आणि ते आकडे वर्गातल्या सगळ्यांच्या नावांनी भरलेले. माझ्या मामांनी तो हातात घेतला, उलटा केला, शिवण ओढून बघितली, कापड दोन बोटांत चोळलं. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण शाळेच्या गणवेशांचाही इथे मोठा धंदा आहे आणि मामांची हयात त्यात गेली. त्यांनी एकही मार्क विचारला नाही. "केवढ्याला?" मी सांगितलं. "लुटलं तुम्हाला," म्हणाले. माझ्या मते वर्षभरातला हा सगळ्यात अचूक शेरा.

शेवटी रिपोर्ट अण्णांच्या हाती दिला. प्रत्येक विषयापुढे तीनच शक्यता असतात. अपेक्षेच्या वाटेवर, अपेक्षेइतकं, किंवा त्याहून खोल. खाली बाईंचा परिच्छेद. मला तो जरा गोडमिट्टच वाटतो, प्रत्येक पोर कुणाच्या तरी वर्गात 'आनंदाचा ठेवा' असतं. अण्णांनी मात्र भिंग घेऊन वाचला. 2010 च्या सुमारास महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा शेवटची काही वर्षं त्यांनीही असल्या वर्णनात्मक नोंदी लिहिल्यात. साठ-साठ पोरांच्या, रात्री जागून. कोणती नोंद बाईंनी पोराकडे बघून लिहिली आणि कोणती दुसऱ्या रिपोर्टातून उचलली, ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं. आमच्या जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्यांनी दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटली, आणि त्या नवांत एक इंग्लंडचा गणिताचा शिक्षकही होता, हे अण्णांनी थोरल्याला दोनदा सांगितलं. तिथल्या बाईंनाही सांग म्हणाले.

मग जुन्या वहीतलं पान फाडून त्यांनी धाकटीसाठी आपला रिपोर्ट लिहिला, आपल्या प्रगतिपत्रकाच्या तीन रकान्यांत. विशेष प्रगती: कडक भाकरी शेंगाचटणीशी न रडता खाते. आवड, छंद: दुसऱ्याची सायकल. सुधारणा आवश्यक: तेराचा पाढा.