अप्पांचं बोर्डिंग

मुंबईच्या विमानतळावरून अप्पांचा फोन आला तेव्हा इथे रात्रीचे अडीच वाजले होते. “बोर्डिंग सुरू झालं म्हणून पुकारलंय,” ते म्हणाले. “पंचावन्न वर्षांनी परत बोर्डिंगात चाललोय बघ!” मागच्या गलक्यात त्यांचं हसू ऐकू आलं आणि फोन बंद झाला. मला मग झोप लागली नाही.

अप्पांच्या तोंडी बोर्डिंग या शब्दाला एकच अर्थ आहे. भुदरगड तालुक्यातलं गाव सोडून कोल्हापूरला ज्या वसतिगृहात राहून ते शिकले, ते. आठवी ते अकरावी, तेव्हा मॅट्रिक अकरावीलाच असायची. “आम्ही बोर्डिंगात असताना” असं त्यांनी म्हटलं की आम्ही भावंडं सरसावून बसायचो. त्या गोष्टींत मास्तर कमी आणि आमटी जास्त असायची. आमटी पातळ होत जायची, भाकऱ्या मोजून मिळायच्या, आणि गावाकडून कुणाच्या घरचं नाचण्याचं पोतं आलं की तो दिवस सणाचा असायचा. ही सगळी आठवण जेवणाचीच का, हे मला इंग्लंडमध्ये येईपर्यंत कळलं नव्हतं.

इथे पोर्ट्समथमध्ये हे घर भाड्याने घेतलं तेव्हा एजंटने घरातल्या वस्तूंची यादी हातात दिली होती. प्रत्येक वस्तू बघायची आणि खूण करायची. इंग्रजी शाळेपासून शिकलेलं, ऑफिसात दिवसभर बोलायचं, तरी ती यादी वाचताना मी अडखळले. स्कर्टिंग बोर्ड म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी जमिनीलगत ठोकलेली पट्टी. हेडबोर्ड म्हणजे पलंगाची उशाकडची फळी. फ्लोअरबोर्ड पायाखाली. ड्रेनिंग बोर्ड म्हणजे सिंकशेजारचा उतरता भाग, धुतलेली भांडी निथळायला ठेवतात तो. मग इस्त्रीचा बोर्ड, भाजी चिरायचा बोर्ड आणि कबर्ड. हा कबर्ड लिहिताना कप आणि बोर्ड असा लिहितात, पण बोलताना ‘प’ गिळतात. मुळात ती पेले मांडून ठेवायची उघडी फळी होती. दारं आणि कप्पे पुढे आले, नाव तेच राहिलं. (आपलं कपाट कानाला त्याच्या जवळचं वाटतं, पण नातं काही नाही. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. बद्रीनाथाचे कपाट उघडतात ते हेच.)

खुणा करता करता जाणवलं की या घरात मी जिथे हात ठेवीन तिथे बोर्ड आहे. तेव्हापासून हा शब्द माझ्या मागे लागला.

जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे साधी लाकडाची फळी. मध्ययुगातल्या मोठ्या घरांत जेवणाचं कायमचं टेबल सहसा नसायचं. दिवाणखाना एकच, त्यातच सगळा दिवस जायचा. जेवायची वेळ झाली की दोन लाकडी घोड्यांवर, म्हणजे उभ्या आधारांवर, लांब फळ्या टाकायच्या, कापड अंथरायचं. जेवण झालं की फळ्या उचलून भिंतीला टेकवायच्या. म्हणून फळी म्हणजे टेबल झालं, आणि टेबल म्हणजे त्यावरचं जेवण. लॉजिंग म्हणजे राहणं आणि बोर्ड म्हणजे जेवणं. आजही हॉटेलचं बुकिंग करताना ‘हाफ बोर्ड’ लिहिलेलं दिसतं. त्याचा अर्थ सकाळची न्याहारी आणि रात्रीचं जेवण खोलीच्या भाड्यात धरलेलं. ‘फुल बोर्ड’ म्हणजे दुपारचंही. अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना फीच्या कागदावर ‘रूम अँड बोर्ड’ दिसतं, तेही हेच.

आता आपल्या आजीचे शब्द आठवून बघा. पाहुणे हातपाय धुऊन आत आले की ती म्हणायची, “पाटपाणी घेतलंय, चला.” पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला, म्हणजे जेवणाची तयारी झाली. लग्नघरात आचारी विचारतो, “किती पानं?” तेव्हा तो केळीची पानं मोजत नसतो, माणसं मोजत असतो. ज्याच्यावर बसून किंवा ज्याच्यावर वाढून जेवायचं त्याचंच नाव जेवणाला द्यायचं, हे इंग्रजांनी फळीच्या बाबतीत केलं आणि आपण पाटाच्या आणि पानाच्या बाबतीत. दोन्हीकडे आधी लाकूड किंवा पान, मग माणूस, मग अन्न. हे लक्षात आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते आणि समोर पोळपाट होता. तोही पाटच की.

आणि मग अप्पांचं बोर्डिंग नीट कळलं. बोर्डिंग म्हणजे इमारत नव्हे, बोर्डिंग म्हणजे जेवू घालणं.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढच्या वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांसाठी एकेक करून वसतिगृहं उभी राहिली. आज दसरा चौकात उभं राहिलं तर त्यांतल्या कितीतरी इमारती नजरेच्या टप्प्यात येतात. महाराजांनी शाळाही काढल्याच, पण खेड्यातल्या मुलाची अडचण त्यांना बरोबर दिसली होती. शहरात शाळा होत्या. शहरात जेवायला घर नव्हतं. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ती सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांना होती. कुणब्याच्या, चांभाराच्या, महाराच्या पोराला शहरात कोण वार देणार होतं? त्याला बोर्डच हवं होतं, जुन्या इंग्रजी अर्थाने.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. वेगवेगळ्या जातींची मुलं तिथे एका पंगतीला बसत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. ही हकीकत आपण शाळेत वाचतो आणि पुढे जातो. बोर्ड या शब्दाचा अर्थ कळल्यावर मला ती पुन्हा नव्याने वाचावीशी वाटली, कारण त्या बाईंनी त्या शब्दातला अन्नाचा भाग स्वतःच्या गळ्यातून काढून दिला होता.

त्याच फळीभोवती बसून लोक जेवण झाल्यावर कारभाराचं बोलत, आणि त्या बसणाऱ्यांनाच पुढे बोर्ड म्हणू लागले. फळीच्या मध्यभागी मानाची खुर्ची, बाकीचे बाकांवर. चेअरमन हा शब्द त्या खुर्चीतून आला. १७८४ च्या कायद्याने लंडनमध्ये बोर्ड ऑफ कंट्रोल बसलं, ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानातल्या कारभारावर नजर ठेवायला. पुढे आपल्याकडे लोकल बोर्ड आली, स्कूल बोर्ड आली, आणि दहावीच्या परीक्षेला तर आपण नुसतं ‘बोर्ड’च म्हणतो. ‘मुलगा बोर्डात आला’ या वाक्यात केवढा आनंद असायचा! मराठीत मात्र आपण या बोर्डाला मंडळ म्हटलं. शिक्षण मंडळ, संचालक मंडळ. मंडळ म्हणजे गोल. इंग्रजांना माणसं मध्ये फळी ठेवून समोरासमोर बसलेली दिसली, आपल्याला गोल करून बसलेली दिसली. मला आपलं चित्र जास्त आवडतं.

पत्त्यांच्या डावात हात फळीच्या वर, सगळ्यांना दिसतील असे ठेवायचे, म्हणून सचोटीच्या व्यवहाराला ‘अबव्ह बोर्ड’ म्हणतात. आपल्या सरकारी कचेरीतलं ‘टेबलाखालून’ त्याचीच उलटी बाजू.

अप्पा आले त्याच्या चौथ्या दिवशी आम्ही त्यांना ‘मेरी रोझ’ बघायला नेलं. आठव्या हेन्रीचं हे लढाऊ जहाज १५४५ साली इथल्याच सोलंट खाडीत बुडालं आणि १९८२ साली वर काढलं. जहाज उजव्या कुशीवर चिखलात रुतलं होतं, त्यामुळे गाळाखालची उजवी बाजू टिकली आणि उघडी राहिलेली डावी बाजू समुद्राने खाल्ली. आत अंधूक उजेडात त्या काळ्याभोर फळ्यांची भिंत उभी आहे. माहितीच्या पाटीवर ‘स्टारबोर्ड’ असा शब्द होता. अप्पांनी विचारलं, “ह्यो कसला बोर्ड?”

मी वाचून ठेवलं होतं. जहाजाच्या कडेला, बाजूलाही जुन्या इंग्रजीत बोर्डच म्हणत. पूर्वी सुकाणू म्हणजे मोठं वल्हं असायचं, ते उजव्या अंगाला बांधलेलं. सुकाणूची बाजू ती स्टारबोर्ड. धक्क्याला लावताना वल्हं चेपू नये म्हणून जहाज डाव्या अंगाने लावत, ती लारबोर्ड. वादळात ओरडून सांगताना हे दोन शब्द सारखेच ऐकू यायचे, म्हणून १८४४ साली ब्रिटिश आरमाराने लारबोर्ड काढून पोर्ट हा शब्द हुकमाने लावला. ऑन बोर्ड, ओव्हरबोर्ड, आणि त्यांच्या विमानतळावरचं बोर्डिंग, हे सगळं या जहाजाच्या कडेवरून आलं.

“म्हंजे आमचं बोर्डिंग जेवणाचं, आणि विमानाचं बोर्डिंग नावंचं,” अप्पा म्हणाले. त्यांना नावेचं म्हणायचं होतं, पण त्यांच्या उच्चारात ‘नावंचं’ ऐकून मला क्षणभर ‘नावाचं’ वाटलं होतं. मग ते एका काचेपाशी थांबले. जहाजाच्या सुताराच्या खोलीत सापडलेला सोंगट्यांचा पट तिथे ठेवला आहे, लाकडात लाकूड जडवून केलेला, घडी घालता येणारा. त्यांचे वडील सुतारकाम करत. अप्पा तिथून दहा-पंधरा मिनिटं हलले नाहीत. “हत्यारं जपली तशी त्यानं हेपण जपलं असणार,” एवढंच बोलले. त्या जहाजावर पाचशेच्या आसपास माणसं होती आणि चाळीससुद्धा वाचली नाहीत.

घरी येताना त्यांना मी ऑफिसातली एक गोष्ट सांगितली, आणि त्यावर ते बराच वेळ गप्प झाले.

माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी यॉर्कशायरकडची. तेवीस वर्षांची. इथे येण्याआधी आईजवळच राहून नोकरी करत होती. एकदा बोलता बोलता म्हणाली, “मी आईला दर महिन्याला बोर्ड द्यायचे.” मला आधी समजलंच नाही. उत्तर इंग्लंडमध्ये ही अगदी रोजची बोली आहे. मुलं कमावती झाली आणि घरीच राहत असली की आईवडिलांना राहण्या-जेवण्याचे ठरावीक पैसे देतात, त्याला ‘बोर्ड देणं’ म्हणतात. मी तेव्हा मनातून दुखावले. पोटच्या पोरीकडून जेवणाचे पैसे? पण ती ज्या अभिमानाने सांगत होती त्यात दुःख कुठेच नव्हतं. पहिल्या पगाराचे पैसे तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले, आईने मोजून डब्यात टाकले, आणि त्या दिवसापासून घरात काय आणायचं, कधी आणायचं यात तिचं मत विचारलं जाऊ लागलं. तिच्या दृष्टीने ती त्या दिवशी मोठी झाली.

मला माझ्या भावाचा पहिला पगार आठवला. पाकीट देवापुढे ठेवलं, आईने हळदकुंकू वाहिलं आणि मग ते तिच्या ट्रंकेत गेलं. त्यानंतर दर महिन्याला जात राहिलं. आम्ही त्याला कधी काही नाव दिलं नाही.

अप्पांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि समुद्राकडे बघत म्हणाले, “आमच्या आयनं बोर्डिंगात दरवर्षी एक पोतं नाचणं धाडलं. घरात कमी पडलं तरी धाडलं. पोरगं फुकाट जेवतंय असं व्हायला नको म्हणायची.” ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वर्षांत सांगितली नव्हती. पोतं कुणाच्या घरचं यायचं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

तीच आजी माझ्या आत्याकडे गेली की जेवायची नाही. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, असं जुनं माणूस मानायचं. फार आग्रह झाला तर दोन घास खायची आणि उठताना आत्याच्या मुठीत काहीतरी कोंबायची. अप्पांचा असल्या रिवाजांवर विश्वास नाही. महिनाभर ते माझ्याकडे पोटभर जेवले. थंडीत गरम भाकरीसाठी स्वयंपाकघरातच खुर्ची ओढून बसायचे आणि पहिली भाकरी तव्यावरून थेट हातात घ्यायचे.

ते परत निघाले त्या सकाळी मी प्रवासासाठी चपात्या लाटल्या. हीथ्रोवर त्यांना सोडून परत यायला संध्याकाळ झाली. ओट्यावर पीठ तसंच सांडलेलं होतं. पुसायला म्हणून पोळपाट उचलला तर खाली पाचशेच्या दोन नोटा, नीट चौघडी केलेल्या.

इथे त्या चालत नाहीत. मी ओटा पुसला, पोळपाट पुसला आणि नोटा होत्या तिथेच ठेवून तो वर पालथा घातला.