सहा बिंदूंची रेघ

गणितात पदवी घेऊन मी संशोधनासाठी संगणकशास्त्राकडे वळले, तेव्हा अवघड जाईल ते प्रोग्रॅमिंगच, असं वाटलं होतं. ते चार-सहा महिन्यांत अंगवळणी पडलं. घोडं अडलं ते 'उतरत्या क्रमाने' या दोन शब्दांपाशी.

विषय होता ग्राफ कलरिंग. काही बिंदू, त्यांना जोडणाऱ्या कडा, आणि जोडलेल्या दोघांना वेगवेगळे रंग. तेही कमीत कमी. एखाद्या ग्राफला तीन रंग पुरतील का, एवढं ठरवणंसुद्धा एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे नेमकं उत्तर नेहमी वेगाने काढायची रीत कोणालाच माहीत नाही, म्हणून झटपट पद्धतींवर काम भागवतात. त्यातली एक अशी: ज्या बिंदूला सर्वांत जास्त कडा, म्हणजे ज्याची डिग्री मोठी, तो आधी. मग उतरत्या क्रमाने बाकीचे. प्रत्येकाला चालेल तो पहिला रंग द्यायचा. माझा लेमा, म्हणजे पुढच्या प्रमेयांसाठी आधी सिद्ध करायचं छोटं विधान, म्हणत होता, की ग्राफ बायपार्टाइट असेल, म्हणजे मुळात दोन रंगांत भागणारा असेल, तर ही पद्धत तिसरा रंग कधीच मागणार नाही.

पाच बिंदूंपर्यंतचे एकसंध, म्हणजे कुठूनही कुठेही कडांवरून जाता येईल असे, बायपार्टाइट ग्राफ सगळे मिळून 11 भरतात. ते हाताने तपासले. मग प्रोग्रॅम लिहून त्यात लांबलचक रेघा, सम लांबीची वर्तुळं, जाळ्या, घन असं बरंच काही घातलं. सगळीकडे दोनच रंग. दीड पानाची सिद्धता लिहिली आणि तिच्या जिवावर पुढची तीन प्रमेयं उभी केली.

गाईड मॅडमनी ती पानं वाचली आणि पेन्सिल एका ओळीवर ठेवली. "दोघांची डिग्री सारखी असेल तर आधी कोण?"

"कोणीही चालेल, मॅडम."

"मग कोणीही घेऊन बघ ना."

माझा प्रोग्रॅम बरोबरी झाली की लहान क्रमांकाचा बिंदू आधी घ्यायचा. आणि क्रमांक मीच घातलेले, रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शहाण्या मुलीसारखे ओळीने. आता बरोबरीतले सगळे क्रम तपासायला लावले, तर सहाव्याच बिंदूला गाडी रुळावरून उतरली. सहा बिंदूंची साधी रेघ. मधल्या चौघांची डिग्री दोन. आधी दुसरा आणि पाचवा घ्या, दोघेही लाल. तिसरा निळा. चौथ्याच्या एका बाजूला निळा, दुसऱ्या बाजूला लाल. तिसरा रंग!

मी म्हटलं, बरोबरीचा नियम नीट लिहिला की झालं. दोन दिवस त्यात घालवले. मग त्याच रेघेच्या दुसऱ्या आणि पाचव्या बिंदूला एकेक लोंबता बिंदू जोडून पाहिला. त्या दोघांची डिग्री तीन झाली, म्हणजे आता ते पहिले येणारच. बरोबरी कशीही सोडवा, आठ बिंदूंच्या या ग्राफला तीन रंग लागतातच. लेमा गेला, आणि त्याच्यामागोमाग तीन प्रमेयंही गेली.

मॅडमनी धीर द्यायला केम्पे या गणितज्ञाची गोष्ट काढली. कोणताही नकाशा चार रंगांत भागतो, या चार रंगांच्या प्रमेयाची त्याची सिद्धता 1879 मध्ये आली. तिच्यातलं भोक हीवुडने दाखवलं 1890 मध्ये. रंगांच्या दोन अदलाबदली एकेकट्या चालत होत्या, एकदम केल्या की एकमेकींच्या आड येत होत्या. अकरा वर्षं! माझी चूक आठवड्यात सापडली, या हिशोबाने मी नशीबवान. पण त्या दिवशी तो हिशोब काही पटला नाही.

दुरुस्ती ब्रेलाझच्या 1979 च्या पद्धतीत मिळाली. तिथे ज्या बिंदूच्या शेजारी सर्वांत जास्त वेगवेगळे रंग दिसतात, तो पुढे घेतात. डिग्री फक्त बरोबरी सोडवायला. एकसंध ग्राफमध्ये रंगवलेला भाग यामुळे कायम एकसंध राहतो, आणि बायपार्टाइटमध्ये प्रत्येक नव्या बिंदूचा रंग आधीच ठरलेला असतो. सिद्धता चार ओळींत संपते. तीनपैकी दोन प्रमेयं तिच्यावर पुन्हा उभी राहिली, तिसरं सोडून दिलं.

चुकीचा लेमा प्रबंधातून गुपचूप काढून टाकायचा माझा विचार होता. मॅडम म्हणाल्या, आकृतीसकट ठेव. ठेवला, अर्धं पान. तोंडी परीक्षेला त्याच्यावर प्रश्न येणार म्हणून ते आठ बिंदू डोळे मिटून काढता येतील इतके घोटून गेले होते. परीक्षकांनी त्या पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. वीस मिनिटं त्यांनी दुसऱ्या प्रकरणावर घेतली, जिथे मी एकच अक्षर रंगांच्या संख्येसाठीही वापरलं होतं आणि कडांच्या संख्येसाठीही.