एवढं पाठ कसं राहतं?

प्रयोग संपल्यावर चेहऱ्यावरचा रंग उतरवत असताना जे प्रेक्षक आवर्जून रंगपटात भेटायला येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो. "ताई, अडीच तासांचं एवढं सगळं पाठ कसं राहतं हो तुमच्या?" सांगलीच्या हौशी रंगभूमीवर 35 वर्षे काम करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला, की "सवयीने राहतं" एवढे सांगून मी मोकळी होत असे. गेल्या महिन्यात तुम्ही तो पुन्हा विचारलात, आणि तुमची मुलगी गॅदरिंगच्या नाटकात मध्येच अडली म्हणून दोन दिवस नीट जेवली नाही, असेही सांगितलेत. त्या गडबडीत मी तुम्हाला नेहमीचेच उत्तर दिले, पण घरी परत येताना ते माझे मलाच पटेना. म्हणून आता सविस्तर लिहिते.

माझीही सुरुवात गॅदरिंगपासूनच झाली. सहावीत असताना शिवकाळातल्या एका नाटुकल्यात मला किल्लेदाराच्या बायकोचे काम मिळाले होते. आमच्या बाईंनी प्रत्येकीला तिची तिची वाक्ये वेगळ्या कागदावर उतरवून दिली. माझ्या वाट्याला 14 वाक्ये आली आणि मी ती पाढ्यांसारखी घोकली; झोपेतून उठवून विचारले असते तरी एका दमात म्हणून दाखवली असती. प्रयोगाच्या वेळी समोरची मुलगी घाबरली आणि तिचे एक वाक्य गळले. मी मात्र थांबले नाही. सातव्या वाक्यानंतर आठवे तयारच होते, ते बोलले, मग नववे बोलले, आणि शत्रू आल्याची वर्दी घेऊन हेर रंगमंचावर येण्यापूर्वीच किल्ल्याचे दरवाजे बंद करायला सांगून मोकळी झाले. सभागृह हसले. बाई रागावल्या नाहीत, पण नेमके चुकले काय हे मला पुढे कित्येक वर्षे उमगले नाही, कारण माझ्या हिशेबी मी एक अक्षरही विसरले नव्हते.

वाक्ये अशी सुटी करून देण्याची रीत आमच्या बाईंनी काढलेली नव्हती. जुन्या नाटक कंपन्यांतही नटाला त्याच्या भाषणांची 'नक्कल' उतरवून मिळत असे आणि ती पाठ करणे हे त्याचे पहिले काम असे. पण त्या कंपन्यांच्या बिऱ्हाडात नट एकत्र राहत, एका पंगतीला जेवत, महिनोन्‌महिने तालमी करत, आणि सगळ्यांची सगळी भाषणे उठता-बसता प्रत्येकाच्या कानांवरून जात. नक्कल हे त्यांच्यासाठी नुसते टाचण होते. आम्हाला ते टाचण तेवढे मिळाले आणि तालीम मिळाली चार दिवसांची.

पाठांतर म्हणजेच अभिनयाचा पाया, असे आपण धरून चालतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली याच सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा रचलेली असत ती पदे, आणि ती सूत्रधार म्हणत असे. राम, सीता, रावण यांनी त्या पदांच्या आधाराने आपापली भाषणे आयत्या वेळी करायची असत. लिहिलेल्या भाषणांचे नाटक त्यानंतर आले आणि त्याला लोकांनी 'बुकिश' असे वेगळे नाव दिले, यावरूनच ती गोष्ट किती नवी वाटली असेल ते दिसते. सिंधुदुर्गातल्या जत्रांमध्ये दशावताराचे नाटक आजही बव्हंशी असेच उभे राहते. कुडाळजवळच्या एका गावी मी रंगपटात बसून हे पाहिले आहे. आख्यान कोणते लावायचे हे तिथल्या तिथे ठरले, कोणी कोण व्हायचे ते सांगून झाले, आणि तासाभराने तेच लोक हार्मोनियम-मृदंगाच्या साथीने पल्लेदार संवाद बोलत होते. पाठ केलेले असे त्यांच्यापाशी काही नव्हते, पण प्रत्येक जण दुसऱ्याचे बोलणे इतके टक लावून ऐकत होता, की ऐकतानाच त्याचे उत्तर तयार होताना मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. लिहिलेल्या नाटकातही पाठांतर याच वाटेने येते, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या तालमी ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी चालत. पहिले आठ-दहा दिवस नुसते वाचन असे. त्या दिवसांत कोणी हौसेने सगळे पाठ करून आले तर आमचे दिग्दर्शक नाराज होत, कारण घरी एकट्याने पाठ केलेल्या वाक्याला एक चाल लागते आणि लागलेली चाल पुढे मोडता मोडत नाही. वाचन संपून नट उभे राहिले, कुठून यायचे, कोणत्या शब्दावर उठायचे हे ठरू लागले, की वाक्ये जागांना चिकटू लागतात. खिडकीपाशी गेले की मुलाच्या पत्राचे वाक्य आपसूक ओठांवर येते. धुतलेल्या धोतराची घडी घालायला घेतली की सुनेला बोलायचे ते येते. तिसऱ्या आठवड्यात केव्हातरी वही खुर्चीवरच राहून गेल्याचे ध्यानात येते. ती नेमकी कधी सुटली हे सांगता येत नाही.

एका स्पर्धेच्या प्रयोगात, दुसऱ्या अंकात, मी पूर्ण कोरी झाले. समोर खाटेवर आजारी नवऱ्याचे काम करणारा माझा सहकलाकार बसला होता. विंगेतून प्रॉम्प्टर माझ्या वाक्याचे पहिले दोन शब्द देत होता, ते मला स्पष्ट ऐकू येत होते, पण कोणत्यातरी परक्या भाषेतले वाटत होते. त्या जागी मी एरवी त्याच्या हातातला पाण्याचा पेला परत घेत असे, आणि त्या दिवशी तो घ्यायचा राहिला होता. त्याने ते ओळखले. पेला त्याने माझ्यापुढे धरला आणि तसाच धरून ठेवला. मी हात पुढे केला, पितळेचा गारवा बोटांना लागला, आणि वाक्य आले. त्याच्यामागून ते सबंध पानच आले. नंतर कळले की गॅप जेमतेम पाच-सहा सेकंदांची होती आणि प्रेक्षकांना ती बायकोच्या दुःखाची वाटली.

पुढे तोच सहकलाकार दुखण्याने अंथरुणाला खिळला आणि उरलेल्या प्रयोगांसाठी बदली नट घ्यावा लागला. हा नवा माणूस पाठांतराला चोख होता, एक शब्द इकडचा तिकडे करत नव्हता. तरीही पहिल्याच तालमीत मी चार ठिकाणी अडले, आणि तेही 20 प्रयोग झालेल्या नाटकात. रात्रभर विचार करून कारण सापडले. आधीचा नट 'तुला काय वाटतं?' असे विचारण्यापूर्वी श्वास आत ओढायचा आणि माझे वाक्य मनात त्या श्वासापासून सुरू व्हायचे. बदली नट तिथे श्वास घेत नव्हता. माझे वाक्य मी माझ्यापाशी ठेवलेलेच नव्हते, ते त्याच्यापाशी ठेव म्हणून होते. किल्लेदाराच्या बायकोने काय चूक केली होती, ते मला त्या रात्री समजले.

मग स्वगताचे काय, असे काही जाणकार विचारतात. तिथे तर समोर कोणीच नसते. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' 1970 च्या डिसेंबरात रंगमंचावर आले आणि डॉ. श्रीराम लागूंनी त्यातला गणपतराव बेलवलकर उभा केला. ती स्वगते अनेक हौशी नटांनी स्पर्धांतून म्हटलेली मी ऐकली आहेत, आणि जे अडखळले ते बहुतेक असे, की ज्यांनी ती कवितेसारखी सुरात पाठ केली होती. बेलवलकर कधी विधात्याला जाब विचारतो, कधी स्वतःशीच वाद घालतो; म्हणजे ऐकणारा तिथेही असतो, तो दिसत नाही इतकेच. कोणाला विचारतो आहोत हे नटाला पक्के असले, की पुढचा प्रश्न मागच्या प्रश्नातून निघतो. घर, मान, संसार सगळे सुटल्यावरही त्या म्हाताऱ्या नटाच्या तोंडी जुन्या भूमिकांचे तुकडे येत राहतात, आणि कुठलाही तुकडा उगाच येत नाही, समोरचा प्रसंग त्याला ओढून काढतो. नाटकवाल्या माणसाची स्मरणशक्ती इतकी अचूक दाखवलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

सिनेमात हा हिशेब वेगळा आहे. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटात कोणालाच शब्द पाठ करायचे नव्हते. तारामती झालेल्या अण्णा साळुंक्यांचे सगळे बोलणे डोळ्यांनी आणि हातांनी होते. 1931 मध्ये 'आलम आरा' बोलू लागला आणि पाठांतराला एकदम भाव आला, कारण आवाज चित्रीकरणाच्याच वेळी मुद्रित होत असे आणि एक शब्द घसरला तरी सगळे पुन्हा करावे लागे. पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'साठी गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांनी तेच प्रसंग मराठीत आणि हिंदीत असे दोनदा उभे केले. रंगभूमीवरची माणसे सिनेमाला हवीशी वाटू लागली, पण सगळीच तिथे रुजली नाहीत. बालगंधर्व 1935 च्या 'धर्मात्मा'नंतर प्रभातच्या पडद्यावर पुन्हा दिसले नाहीत. प्रेक्षकांच्या दादेवर फुलत जाणाऱ्या नटाला ती दाद न देणारे यंत्र किती परके वाटले असेल, याची मला कल्पना करता येते. उलट केशवराव दाते हेही रंगभूमीवरचेच, पण 1937 च्या 'कुंकू'मध्ये त्यांनी जो म्हातारा नवरा केला आहे, तो पाहताना नाटकाची आठवणसुद्धा होत नाही. तरुण बायको बोलत असते तेव्हा ते केवळ ऐकतात, आणि बोलण्याआधी जो किंचित थांबतात, त्या थांबण्यात त्या माणसाची सगळी ओशाळवाणी अवस्था येऊन जाते. मी हा चित्रपट नव्याने काम करू लागलेल्यांना आवाज बंद करून पाहायला सांगते.

मला स्वतःला एका मराठी चित्रपटात शेजारणीचे तीन दिवसांचे काम मिळाले होते. संवाद अवघे नऊ ओळींचे होते आणि मला ते वाटेतच पाठ झाले, पण त्याचा तिथे काही उपयोग नव्हता. पायरीवर बसून मटार सोलता सोलता बोलायचे होते. आधी दुरून शॉट झाला, मग माझा क्लोज-अप, मग नायिकेच्या खांद्यावरून. संकलनात हे तुकडे एकमेकांना जोडायचे असल्यामुळे शेंग दर वेळी त्याच शब्दावर फुटायला हवी होती आणि दाणे ताटात पडल्यावरच माझी मान वर यायला हवी होती. क्लोज-अपच्या वेळी नायिका समोर नव्हतीच, तिची वाक्ये एक सहायक कागदावरून सपाट आवाजात वाचत होता. तिसऱ्या टेकला शेंग एक शब्द आधी फुटली, पाचव्याला मान आधी वर गेली, आणि प्रत्येक वेळी कंटिन्युइटी पाहणाऱ्या मुलीने नम्रपणे थांबवले. अकराव्या टेकला माझ्या लक्षात आले, की मी आता त्या सहायकाकडे लक्ष देतच नाही, शेंग फुटल्याचा बारीक आवाज ऐकते आहे आणि त्या आवाजामागून शब्द येतो आहे. माझा सहकलाकार त्या दिवशी मटाराची शेंग होती.

तुमचा दुसरा प्रश्न वयाचा होता: वय झाल्यावरही हे सगळे लक्षात राहते का? त्याला उत्तर म्हणून मला नेहमी चुनीबाला देवी आठवतात. सत्यजित राय यांच्या 1955 च्या 'पथेर पांचाली'तली वाकलेली, सुरकुतलेली म्हातारी आत्या त्यांनी केली. त्या ऐंशीच्या घरात होत्या, एकेकाळी रंगभूमीवर काम करून घरी बसलेल्या. राय त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी स्मरणशक्ती पाहावी म्हणून एक अंगाईगीत म्हणायला सांगितले, तर बाईंनी ते इतरांना ठाऊक असते त्याहून कितीतरी लांब म्हणून दाखवले. चित्रीकरण पैशांअभावी थांबत-थांबत अडीच वर्षांवर चालले. एवढ्या खंडानंतरही, मागच्या शॉटमध्ये आपला कोणता हात ओला होता आणि गाठोडे कोणत्या हातात होते, हे त्या स्वतःहून सांगत, असे राय यांनी लिहून ठेवले आहे. चित्रपट लोकांपुढे येण्याआधीच त्या गेल्या. हाताचा ओलावा त्यांच्या ध्यानात राहिला, हे वाचले तेव्हा मला पितळेच्या पेल्याचा गारवा आठवला.

तेव्हा मुलीला सांगा, की ती विसराळू नाही. पुढच्या नाटकाला तिला तिच्या मैत्रिणीची वाक्ये आधी पाठ करू द्या, आणि जी वस्तू हातात घेऊन बोलायचे असेल ती पहिल्या तालमीपासून हातात द्या. पुठ्ठ्याची तलवार शेवटच्या दिवशी मिळते आणि तिथेच घोटाळा होतो. मी आता 61 वर्षांची आहे, आणि शब्द पूर्वीसारखे लवकर चढत नाहीत हे खरे आहे. सध्या नव्या नाटकाची तालीम चालू आहे. माझ्या वहीत डाव्या पानावर समोरच्यांची वाक्ये शाईने लिहिलेली आहेत आणि उजव्या पानावर माझी, पेन्सिलने. रोज रात्री जेवणे आटोपली की मी डावे पान मोठ्याने वाचते आणि उजव्यावर पाटीचा तुकडा ठेवते. काल तेराव्या पानापर्यंत तो उचलावा लागला नाही.