नॉम पेन्हची उलटी नदी आणि शिरोळचे काका

टूर मॅनेजरला भांडणं काय नवीन नाहीत, खिडकीची सीट, एसी, चहात दूध कमी, पण नदी कुठल्या दिशेला वाहते यावरून भांडण मी त्या ऑगस्टमधे पहिल्यांदाच बघितलं. कंबोडिया टूर. नॉम पेन्हला राजवाड्यासमोरून संध्याकाळची बोट निघाली आणि लोकल गाईडने माइकवर सांगितलं की ही तोन्ले साप नदी पावसाळ्यात उलटी वाहते. ग्रुपमधे शिरोळकडचे एक काका, पाटबंधारे खात्यातून रिटायर. ताडकन उठले, "नदी काय रिक्षा आहे होय यू-टर्न मारायला?"

मोबाईलवर कंपास लावून कठड्याला जाऊन उभे राहिले. जलपर्णीचा एक पुंजका चाललेला, त्यात निळी स्लिपर अडकलेली, आणि ती निवांत उत्तरेला निघालेली, समुद्राच्या बरोब्बर उलटं. काका दोन मिनिटं गप्प, मग एकदम, "अरे हा तर फुगवटा! कृष्णा चढली की नरसोबाच्या वाडीला आमची पंचगंगा तुंबते, तसंच की!"

तसंच, पण माप केवढं बघा. मेकाँग तिबेटच्या पठारावरून सहा देशांतून ४,००० किमीच्या वर वाहणारी नदी, पावसाळ्यात इतकी चढते की नॉम पेन्हच्या संगमावरून पाणी तोन्ले सापमधे मागे घुसतं आणि वर शंभरेक किमीवरच्या तळ्यात जातं. उन्हाळ्यात ते तळं साधारण २,५०० चौ. किमी आणि जेमतेम मीटरभर खोल, पावसाळ्यात १५,००० च्या आसपास. नोव्हेंबरच्या सुमाराला नदी परत सुलटते, तेव्हा बोटींच्या शर्यतींचा मोठा सण असतो.

काकांचा पुढचा प्रश्न, "मग पूरग्रस्तांना भरपाई कोण देतं?" मी ट्रान्सलेट केलं तर गाईड माझ्याकडेच बघत राहिला. म्हणाला, भरपाई कशाला, पुराची तर वाट बघतात, पाण्याबरोबर माशांची पिल्लं बुडालेल्या जंगलात जातात, तिथेच वाढतात, शेतात गाळ येतो, घरं उंच खांबांवर नाहीतर तरंगती. टेन्शन पाणी आलं नाही तर. २०१९ ला दुष्काळ आणि त्यात वरची धरणं, पाणी फार उशिरा आलं.

धरण म्हटल्यावर काका खुर्ची ओढून बसलेच. वरनं विसर्ग किती, कळवतात का, कोण कळवतं. टिश्यूवर नकाशे निघाले, मी मधे दुभाषा, बाकीचा ग्रुप जेवण कधी म्हणून माझ्या डोक्यावर, आणि काकू लांबूनच ओरडल्या, "अहो, रिटायर झालाय तुम्ही!"